मण्यांतून गणित : डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे जीवनकार्य

भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना मांडीवर बसवून विद्यादान केले, ही कथा जैन घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ब्राह्मीला लिपी मिळाली आणि सुंदरीला अंक मिळाले. आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त हा प्रसंग आला आहे. पुढे नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला आणि व्यापार असो, वास्तुशास्त्र असो की ज्योतिष, गणितावाचून कोणतेही शास्त्र चालत नाही, असे त्याच्या आरंभीच प्रतिपादन केले. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध करून मोठेच कार्य केले आहे.

अंकविद्येचा असा उज्ज्वल वारसा लाभलेल्या समाजातही आज अनेक बालके गणिताच्या नावाने घाबरतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ करून पेढ्या चालविल्या, त्यांचीच नातवंडे वजाबाकीच्या वहीपुढे डोळ्यांत पाणी आणतात. दोष मुलांचा नाही. अंक हे मनात उमटण्यापूर्वी हातात यावे लागतात, या साध्या सत्याचा विसर पडल्याचा हा परिणाम आहे. हे सत्य शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध करण्यासाठी एका इटालियन विदुषीने आपले सारे आयुष्य वेचले. लाकडी काठ्या, चात्या, पत्ते आणि काचमणी यांच्या साहाय्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हजारापर्यंतच्या संख्यांशी खेळावयास शिकविणाऱ्या त्या विदुषी म्हणजे डॉ. मारिया मॉन्टेसरी होत.

बालपण आणि शिक्षण

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना प्रांतातल्या किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी वित्त खात्यात नोकरीस होते. आई रेनिल्दे ही त्या काळाच्या मानाने सुशिक्षित व वाचनप्रिय स्त्री होती. वडिलांच्या बदलीमुळे हे कुटुंब प्रथम फ्लॉरेन्सला आणि १८७५ मध्ये रोमला आले. एकुलत्या एका कन्येने फार तर शिक्षिका व्हावे, असे वडिलांना वाटे. कन्येचा ओढा मात्र गणिताकडे होता. मुलींनी सहसा ज्या वाटेला जाऊ नये, त्या तांत्रिक शाळेत तिने प्रवेश घेतला. अभियंता होण्याची तिची इच्छा होती. आईने तिला पाठिंबा दिला.

पुढे त्यांचा विचार बदलला आणि त्यांनी वैद्यकाकडे वळण्याचा निश्चय केला. त्या काळी रोमच्या विद्यापीठात स्त्रीने वैद्यक शिकणे ही जवळजवळ अशक्यप्राय गोष्ट होती. वडिलांचा विरोध होता, सहाध्यायांची हेटाळणी होती. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करणे असभ्य मानले जाई, म्हणून इतर सर्वजण निघून गेल्यावर संध्याकाळी एकटीने त्या दालनात काम करण्याची पाळी त्यांच्यावर आली. हे सर्व सोसून १८९६ मध्ये त्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर झाल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते.

वैद्यकाकडून शिक्षणाकडे

पदवीनंतर रोमच्या मानसोपचार रुग्णालयात काम करीत असताना मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांशी त्यांचा संबंध आला. या मुलांना वेड्यांच्या इस्पितळात प्रौढ रुग्णांबरोबर कोंडून ठेवलेले असे. रिकाम्या खोलीत त्यांना हाताळावयास काही नसे. जेवणानंतर जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे ती मुले चिवडत बसत. देखरेख करणाऱ्यांना त्यात अधाशीपणा दिसला. मॉन्टेसरीबाईंना मात्र त्यात हातांची भूक दिसली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांनी एकोणिसाव्या शतकात अशा मुलांवर केलेल्या कार्याचा त्यांनी सखोल अभ्यास केला. सेगँ यांचे ग्रंथ तर त्यांनी स्वहस्ते लिहून काढले, हेतू हा की प्रत्येक शब्दावर विचार करता यावा. १९०० साली अशा मुलांच्या शिक्षकांसाठी रोममध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या त्या सहसंचालक झाल्या. तेथील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षांत उत्तीर्ण झाली तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. बाईंच्या मनात मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. मंदबुद्धी मुले जर सुदृढ मुलांची बरोबरी करू शकतात, तर सुदृढ मुलांना शाळांनी कोणत्या बंधनात जखडून ठेवले आहे? या प्रश्नानेच पुढे त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली.

याच काळात त्यांच्या खाजगी जीवनात एक मोठे दुःख आले. सहकारी डॉ. मॉन्तेसानो यांच्यापासून १८९८ मध्ये त्यांना मारिओ नावाचा पुत्र झाला. परंतु विवाह झाला नाही. तत्कालीन समाजरीती इतकी कठोर होती की मुलाला स्वतःजवळ ठेवले असते तर त्यांचे सारे सार्वजनिक कार्य तेथेच संपले असते. मुलाला खेड्यातील एका कुटुंबाकडे सोपवावे लागले. आई मधूनमधून भेटावयास जाई, पण आई म्हणून नव्हे. जगातील लक्षावधी मुलांसाठी झटणाऱ्या या मातेला स्वतःच्या मुलाचे बालपण अंगणात पाहता आले नाही. १९१२ मध्ये बाईंच्या मातोश्री निवर्तल्या. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहावयास आला आणि पुढे अखेरपर्यंत त्यांचा उजवा हात बनला.

सान लोरेन्झोचे बालगृह

१९०१ मध्ये संस्थेचे पद सोडून बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्यांनी तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व मानववंशशास्त्र यांचा अभ्यास केला. अशा वेळी एक अनपेक्षित संधी चालून आली. रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत एका गृहनिर्माण संस्थेने चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की लहान मुले जिन्यांत हुंदडत व भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळण्याची व्यवस्था करावी, असे संस्थेचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांना वाटले. हेतू भिंती वाचविण्याचा होता. त्यातून मुले वाचली.

६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत पहिले ‘बालगृह’ उघडले. पन्नासहून अधिक मुले तेथे दाखल झाली. प्रशिक्षित शिक्षिका ठेवण्याइतका पैसा नव्हता, म्हणून वस्तीतल्याच एका स्त्रीला बाईंनी हाताशी धरले. जड बाकांऐवजी मुलांना उचलता येतील अशी हलकी मेजे व लहान खुर्च्या केल्या आणि उंच कपाटांऐवजी मुलांचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे केली. त्यांत बाईंनी तयार करविलेली साधने मांडून ठेवली आणि मुलांना ती निवडण्याची मोकळीक दिली.

त्यानंतर बाईंनी जे पाहिले त्यावर त्यांचा स्वतःचाच प्रथम विश्वास बसेना. एक तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्यातील दट्टे काढून पुन्हा बसविण्यात इतकी गढून गेली की तिने तीच क्रिया चाळीसहून अधिक वेळा केली. इतर मुलांना गाणी म्हणावयास लावूनही तिचे लक्ष विचलित झाले नाही. काम संपल्यावर ती दमलेली नव्हती, उलट प्रसन्न दिसत होती. खाऊ किंवा बक्षीस दिले तर मुले ते बाजूला ठेवीत आणि साधनांकडे वळत. शिक्षेची गरजच पडत नसे. एकदा एका तान्ह्या बाळाची शांतता दाखवून बाईंनी मुलांना तसे निःशब्द बसण्यास सुचविले, तेव्हा त्या चाळीतील दांडगी मुले श्वास आवरून बसली. त्यातून मौनाचा खेळ निर्माण झाला. सामायिकात घटकाभर स्थिर बसण्याचे मोल जाणणाऱ्यांना या प्रयोगाचे मर्म निराळे सांगावयास नको.

वस्तूंतून संख्या

मॉन्टेसरी पद्धतीचे नाव सर्वत्र झाले, परंतु तिच्यातील गणिताची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून ती थोडी तपशिलाने पाहणे उचित ठरेल.

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ च्या सुमारास चेंडू, ठोकळे इत्यादी खेळणी तयार करून बालशिक्षणात वस्तूंना स्थान दिले होते. बाईंनी पुढचे पाऊल टाकले. एका साधनात एकच गुण वेगळा काढून दाखवावा आणि चूक झाली तर ती शिक्षकाने न सांगता साधनानेच सांगावी, हे त्यांचे सूत्र होते. दट्ट्यांच्या पेटीत एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्ट्या उरतोच. मूल स्वतःच थबकते, पाहते आणि सुधारते. कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही.

गणिताची पूर्वतयारी अंक दिसण्याच्या फार आधी सुरू होते. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू एक सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची दहा. मूल केवळ मनोरा रचीत असते, पण दोन सेंटिमीटरच्या घनात लहान घन आठ वेळा व शेवटच्या घनात हजार वेळा मावतो, हे प्रमाण त्याच्या मनगटाला वजनाने कळत असते. मखमल, रेशीम, सुती, ताग अशा कापडांच्या जोड्यांची एक पेटी असते. डोळे बांधून केवळ स्पर्शाने जोड्या लावावयाच्या असतात. समान काय व भिन्न काय हे ओळखणे हीच गणिताची पहिली पायरी होय.

त्यानंतर संख्येच्या काठ्या येतात. त्या दहा असतात. पहिली दहा सेंटिमीटरची आणि दहावी पूर्ण एक मीटरची. प्रत्येक काठीवर दहा-दहा सेंटिमीटरचे तांबडे व निळे पट्टे आळीपाळीने रंगविलेले असतात. येथे बाईंच्या बुद्धीचे खरे दर्शन घडते. पाच सुट्या गोट्या मोजताना मुलाच्या मनात ‘पाच’ हे शेवटच्या गोटीचे नाव ठरण्याची भीती असते. पाचची काठी मात्र एकसंध असते. ती उचलली की संपूर्ण पाच हातात येतात. नवाला एक, आठाला दोन, सातांना तीन, सहाला चार जोडले की प्रत्येक वेळी दहाच्या काठीएवढीच लांबी भरते. पाचाची काठी एकटी उरते आणि तीच दोनदा मांडली की पुन्हा दहा होतात. बेरीज व वजाबाकी या शब्दांचा उच्चारही न करता मुलाने त्या दोन्ही केलेल्या असतात.

खरकागदाचे अंक मुले दोन बोटांनी गिरवितात. त्यानंतर चात्यांची पेटी येते. हिच्यात शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि बरोबर पंचेचाळीस लाकडी चात्या असतात. एकाच्या कप्प्यात एक, दोनाच्या कप्प्यात दोन, याप्रमाणे नऊपर्यंत चात्या ठेवल्या की एकही शिल्लक राहत नाही. राहिली तर कोठे तरी चूक झाली, हे पेटीच सांगते. आणि शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. ज्या भूमीने जगाला शून्य दिले, त्या भूमीतील मुलांनाही शून्य समजावणे किती अवघड जाते हे प्रत्येक शिक्षक जाणतो. बाई मुलांना शून्य वेळा जवळ येण्यास, शून्य पापे देण्यास सांगत. न हलता जागच्या जागी बसून राहण्यातच उत्तर आहे, हे उमगले की मुले आनंदाने हसत.

या सर्वांचा कळस म्हणजे सोनेरी मणी. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मणी तारेत ओवले की दशकाची काडी होते. अशा दहा काड्या शेजारी जोडल्या की शतकाचा चौरस होतो आणि दहा चौरस एकावर एक रचले की हजाराचा घन होतो. बिंदू, रेषा, पृष्ठ आणि घन ही भूमितीही त्यात आपोआप येते. एक मणी चिमटीत मावतो, हजाराचा घन मात्र दोन्ही हातांनी उचलावा लागतो. दशमान पद्धती म्हणजे काय, हे व्याख्येने समजण्याआधी भाराने समजते.

या मण्यांची एक पेढीच मांडली जाते. समजा, एका मुलाने १,२४५ मणी आणले व दुसऱ्याने २,३६८. दोघांचे एकत्र केले. सुटे मणी तेरा झाले, तेव्हा त्यांतील दहा पेढीवर देऊन एक काडी घ्यावयाची. काड्या अकरा झाल्या, त्यांतील दहा देऊन एक चौरस घ्यावयाचा. आता चौरस सहा व घन तीन. उत्तर ३,६१३. मराठीत आपण ज्याला ‘हातचा’ म्हणतो तो येथे खरोखर हातात येतो. वहीत हातचा एक लिहिण्याचे विसरणारी मुले मण्यांच्या पेढीवर तो विसरत नाहीत. मोड देणे-घेणे हा व्यापाऱ्याच्या घरातील नित्याचा व्यवहार येथे गणिताचा पाया झालेला आहे.

पुढे रंगीत मण्यांच्या माळांवरून पाढे, वर्ग व घन शिकविले जातात. अक्षर-गणितातील तीन पदांच्या घनाचे सूत्र सत्तावीस रंगीत ठोकळ्यांच्या पेटीत बांधलेले आहे. पाच वर्षांचे मूल ते कोडे म्हणून जुळविते आणि अनेक वर्षांनी शाळेत तेच सूत्र भेटते तेव्हा जुनी ओळख निघते. मात्र मुलाला साधनाच्या आधारावर कायमचे ठेवावयाचे नाही, हाही बाईंचा कटाक्ष होता. मणी हाताळता हाताळता एके दिवशी मूल स्वतःहून ते बाजूला सारते, कारण आता ते मनात मोजू लागलेले असते. ही वेळ मुलाने ठरवावयाची असते. आपला गणितविषयक विचार त्यांनी १९३४ मध्ये बार्सिलोना येथे दोन स्वतंत्र ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यांतील एक अंकगणितावर होता व दुसरा भूमितीवर.

कीर्ती, टीका आणि परागंदा जीवन

१९०९ मध्ये बाईंनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. काही वर्षांतच त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. १९१३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांचे अपूर्व स्वागत झाले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडण्यात आला व आतील मुले निवांतपणे काम करताना लोकांनी पाहिली. परंतु कीर्ती चंचल असते. १९१४ मध्येच किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने या पद्धतीवर कठोर टीका केली. साधने फार ठरीव आहेत आणि मुलांच्या कल्पनेस व परस्पर सहवासास त्यांत वाव कमी आहे, असा त्याचा आक्षेप होता. आपल्या साधनांत व प्रशिक्षणात कोणी फेरफार करू नये, असा बाईंचाही आग्रह असे. त्यामुळे काही मित्र दुरावले. अमेरिकेतील उत्साह ओसरला, तो १९६० च्या सुमारास पुन्हा जागा झाला.

इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने १९२४ पासून त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि बाईंनी तो स्वीकारला. मुलांचे कल्याण होत असेल तर राजसत्ता कोणाची हे पाहू नये, अशी त्यांची समजूत असावी. या निर्णयाबद्दल त्यांना पुढे दोष देण्यात आला आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. कारण स्वतंत्र विचार करणारी मुले आणि आज्ञापालनावर उभी असलेली हुकूमशाही यांचा मेळ बसणे अशक्यच होते. १९३४ मध्ये संबंध तुटले व इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझी सत्तेनेही तेच केले. बार्सिलोना हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले होते, ते १९३६ च्या स्पॅनिश यादवी युद्धामुळे सोडावे लागले. साठी उलटलेल्या या स्त्रीला पुन्हा पुन्हा उभारलेले घर मागे टाकून निघावे लागले. अखेर हॉलंडने आश्रय दिला. त्यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संघाचे मुख्य कार्यालय पुढे अॅमस्टरडॅम येथे स्थिरावले.

भारतातील वास्तव्य

भारताशी त्यांचा संबंध याआधीच जडलेला होता. ऑक्टोबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या महात्मा गांधींनी तेथील मॉन्टेसरी प्रशिक्षण संस्थेला भेट दिली होती. जगात खरी शांतता हवी असेल तर आरंभ मुलांपासून करावा लागेल, हा विचार दोघांनाही समान होता.

थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष डॉ. जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये बाई मारिओसह मद्रासला आल्या. वय एकोणसत्तर वर्षांचे होते. अड्यार येथे झावळ्यांनी शाकारलेल्या कुट्यांत त्यांचा वर्ग भरला व देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुमारे तीनशे विद्यार्थी आले. बाई इटालियन भाषेत बोलत व मारिओ त्याचे इंग्रजीत भाषांतर करीत.

काही महिन्यांसाठी म्हणून झालेला हा प्रवास लांबला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारमध्ये स्थानबद्ध करण्यात आले आणि मारिओची रवानगी आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत झाली. ज्या मुलाला बालपणी दूर ठेवावे लागले होते, तोच म्हातारपणी परक्या देशात पुन्हा हिरावला गेला. सुदैवाने हा वियोग अल्पकाळ टिकला. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयच्या आदेशाने मारिओची मुक्तता झाली. त्या संदेशात त्याचा उल्लेख त्यांचा पुत्र म्हणून करण्यात आला, असे सांगतात. चाळीस वर्षे जे नाते जगापुढे उघडपणे मांडता आले नव्हते, ते असे मान्य झाले.

युद्धकाळातील काही वर्षे कोडाईकनाल येथे गेली. तेथे सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाची त्यांनी नव्याने आखणी केली. अहमदाबाद, कराची इत्यादी ठिकाणीही त्यांनी वर्ग घेतले. अहमदाबादेत या पद्धतीची भूमी आधीच तयार होती. कापडगिरणीचे मालक व जैन समाजाचे भूषण शेठ अंबालाल साराभाई आणि सरलादेवी यांनी आपल्या आठ मुलांसाठी घरीच मॉन्टेसरी तत्त्वांवर शाळा चालविली होती. भारतीय अवकाश-संशोधनाचे जनक डॉ. विक्रम साराभाई हे त्याच शाळेत वाढले. आठ मुलांसाठी असा खर्च करणे श्रीमंत पेढीलाच शक्य होते हे खरे, परंतु पैशाचा असा सद्व्यय करण्याची दृष्टी सर्वच श्रीमंतांना असते असे नाही.

१९४६ मध्ये बाई युरोपला परतल्या, नंतर पुन्हा भारतात आल्या आणि १९४९ मध्ये त्यांनी या भूमीचा निरोप घेतला. या काळात हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

गिजुभाई, ताराबाई आणि कोसबाड

मॉन्टेसरीबाई भारतात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी त्यांचे विचार येथे पोहोचले होते. भावनगरचे वकील गिजुभाई बधेका हे आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करीत असताना या पद्धतीवरील साहित्य त्यांच्या हाती आले आणि वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मूळच्या मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु ताराबाईंना एक प्रश्न अस्वस्थ करीत होता. परदेशी मापाची गुळगुळीत साधने शहरातील सुखवस्तू मुलांनाच परवडतील. मग खेड्यातील मुलांचे काय? १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने, काटक्या हीच तेथे गणिताची साधने झाली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरल्या. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला व १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. बाईंनी सोनेरी मण्यांतून जे दाखविले, ते ताराबाईंनी चिंचोक्यांतून साधले. तत्त्व तेच राहिले.

अखेरची वर्षे

१९४९, १९५० व १९५१ अशी तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी मॉन्टेसरीबाईंचे नाव सुचविले गेले. पारितोषिक मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्डविक या समुद्रकाठच्या गावी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले व तेथेच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. ज्या देशातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्या इटलीने १९९० मध्ये एक हजार लिराच्या नोटेवर त्यांची प्रतिमा छापली. युरो चलन येईपर्यंत ती नोट व्यवहारात होती. मुलांना हजार म्हणजे काय हे हातात देऊन दाखविणाऱ्या बाईंची छबी हजाराच्याच नोटेवर यावी, हा सुंदर योगायोग होय.

त्यांच्या विचारांची कसोटी त्यांच्यामागेही चालूच राहिली. २००६ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झालेल्या एका अभ्यासात मॉन्टेसरी शाळेतील पाच वर्षांची मुले वाचनात व गणिती उदाहरणांत इतर मुलांच्या पुढे असल्याचे आढळले. अलीकडच्या संशोधनाने एक सावधगिरीची सूचनाही दिली आहे. साधन जितके जास्त नटवे व खेळण्यासारखे, तितके मुलाचे लक्ष संख्येकडून त्याच्या नक्षीकडे जाते. साधे, एकरंगी मणीच अधिक उपकारक ठरतात. भारत सरकारने २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळणी व साधनांचा संच तयार केला. शंभर वर्षांपूर्वीच्या विचाराला मिळालेली ही मान्यताच होय.

आपल्यासाठी बोध

‘मॉन्टेसरी’ हे नाव आज अनेक शाळांच्या फलकांवर दिसते. आत मात्र तीन वर्षांच्या मुलांकडून शंभरपर्यंतचे अंक वहीत उतरवून घेतले जातात व साधने काचेच्या कपाटात कुलुपबंद असतात. बाईंना यापेक्षा मोठा अनादर दुसरा नसेल. साधने महाग असलीच पाहिजेत असेही नाही. दहा-दहा काड्यांच्या जुड्या, ओवलेले मणी, रंगविलेल्या पट्ट्या आणि धान्याची मापे घरीही करता येतात. मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बारीक मणी देऊ नयेत, कारण ते तोंडात वा नाकात जाण्याचा धोका असतो. आणि मूल मोजत असताना मध्येच उत्तर सांगण्याचा मोह मोठ्यांनी आवरावा. हा संयमच या पद्धतीत सर्वांत कठीण आहे.

आपल्या समाजाने धर्मशाळा, पाठशाळा व रुग्णालये उदारहस्ते उभारली. दातृत्वाचा तोच ओघ बालमंदिरांकडे वळला, तर एका वर्गाची साधने पुढील कित्येक वर्षे शेकडो मुलांच्या हातांतून जातील. मुलाला न मारता, न भिववता, न लाजविता शिकविणे ही अहिंसेचीच साधना आहे. भगवान ऋषभदेवांनी सुंदरीला अंक दिले ते मांडीवर बसवून, प्रेमाने दिले. मॉन्टेसरीबाईंचे सारे जीवन त्याच प्रेमाची शास्त्रीय साक्ष आहे. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!